मालकांचे आजारी पिक्चर

भवानी पेठेतली खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नोकरी, गाव, लग्न यांतलं काहीही विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाले, "इंग्रजी वाचता येतं का हो?"

"येतं."

"भरभर?"

"म्हणजे?"

"म्हणजे खाली अक्षरं येत्यात आणि जात्यात. जायच्या आत वाचून होतं का?"

मी विमा कंपनीतला कारकून, बार्शीहून बदलून आलेला. पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं वाचून डोळे तयार झालेले. येतं म्हणालो. मालकांनी तिथल्या तिथे किल्ली हातात ठेवली आणि एकच अट घातली. रविवारी दुपारी बाहेर जायचं नाही. मला वाटलं घरात कुणी शिकणारं असेल, त्याला इंग्रजी शिकवायचं असेल. घरात शिकणारं कुणीच नव्हतं. मालक आणि काकू, दोघंच. मुलगी अकलूजला दिलेली.

पेठेत त्यांना सगळे मालकच म्हणत. एकेकाळी त्यांचे माग होते. माग भंगारात गेले, पत्र्याची शेड रिकामी राहिली, पण मालक हे नाव काही कुणी काढून घेतलं नाही. उंच, वाळलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. सोलापूरच्या ज्या उन्हाळ्यात आम्ही डोक्यावर ओला टॉवेल टाकून ऑफिसला जायचो त्या उन्हाळ्यातही स्वेटर. विचारलं तर म्हणत, "छातीला वारा लागतो." वारा कुठून लागत होता देव जाणे. पेठेत पान हलत नसे. काकूंशी ते कानडीत बोलत, विणकरांशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि पंखा बंद पडला की पंख्याशी दखनीत.

आणि खोकत. खोकला आला की हात वर करून समोरच्याला थांबवत, खोकून घेत, मग "धूळ हाय, जाईल" म्हणून बोलणं होतं तिथून पुढे सुरू करत. माग बंद होऊन कितीतरी काळ लोटला होता. धूळ मात्र अजून जायची होती.

रविवारची भानगड काय आहे ते पहिल्याच रविवारी कळलं. मी येण्याच्या आधी कधीतरी पुण्याची काही मुलं तीन दिवसांचा चित्रपट महोत्सव करायला सोलापुरात आली होती. हॉल परवडेना म्हणून त्यांनी मालकांची शेड घेतली. शेडच्या तोंडाशी त्यांनी लावलेला फलक मी आलो तेव्हाही तिथंच होता: 'आजार, वसाहतवाद आणि पर्यावरणीय अन्याय: स्वतंत्र सिनेमाचा शोध'. फलक वाचून पेठेतलं कुणी फिरकलं नाही. पोरं बिचारी खुर्च्या मांडून बसलेली. मालकांना त्यांची दया आली. त्यांनी गल्लीत फिरून फुकट पिक्चर आणि वर चिवडा अशी दवंडी दिली. लोक आले, चिवडा खाल्ला, गाणं नाही, मारामारी नाही, भाषा कळत नाही, असं म्हणून उठून गेले. मालक एकटे शेवटपर्यंत बसले. तीनही दिवस.

"तिसऱ्या दिवशी जेवायला बसले," काकू मला सांगत होत्या, "मी भाकरी वाढली, चटणी वाढली, तर म्हणाले, तिकडं नदीतले सगळे मासे मेलेत आणि तू मला चटणी वाढतेस? मी म्हटलं, मी मारले काय मासे?"

पोरं गेली. फलक राहिला, हार्ड डिस्क भरून पिक्चर राहिले आणि मालकांचं डोकं कायमचं फिरलं. दर रविवारी दुपारी शेडमध्ये पिक्चर सुरू झाले. एवढा लांबलचक फलक कोण वाचत बसणार? पेठेनं त्याचं आपल्यापुरतं नाव पाडलं, आजारी पिक्चर. "आज कुठला आजारी पिक्चर हाय ओ मालक?" असं बायका रस्त्यातून ओरडून विचारत.

पडदा मालकांच्या घरचाच. त्यांच्या शेवटच्या मागावर निघालेली मोठ्या पन्ह्याची पांढरी चादर. मध्ये जोड नाही, याचा त्यांना फार अभिमान. पण सोलापूरची चादर म्हटली की काठाला नक्षी आलीच, आणि या चादरीच्या चारी कोपऱ्यांत मोर होते. त्यामुळे आमच्याकडे जगातल्या कुठल्याही पिक्चरमध्ये चार मोर असत. बर्फाच्या देशातला म्हातारा दवाखान्यात पडलाय, डोक्याशी मोर. गोऱ्यांची बोट काळ्या माणसांच्या बेटाला लागतेय, बोटीच्या टोकावर मोर. पहिल्यांदा मला हसू आवरेना. पुढे पुढे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही कोपऱ्यात मोर नाही हे खटकायला लागलं.

माझं काम असं. मी मालकांच्या शेजारी बसायचं, पडद्याखाली येणारं इंग्रजी वाचायचं आणि त्याचं मराठी त्यांच्या कानात सांगायचं. मालकांच्या हातात गणपती मंडळाचा माईक. मी एक वाक्य सांगितलं की ते त्याची दहा करत. मी कुजबुजायचो, "कंपनीचा अधिकारी म्हणतो, जमीन सरकारच्या मालकीची आहे." माईकमधून यायचं, "बघा, आला टोपीवाला! ह्याचा आजा हितं मिल काढायला आलता, हा तिकडं डोंगर खणायला गेलाय. म्हणतो, जमीन सरकारची. अरे तुज्या सरकारला जमीन दिली कुणी? यप्पा, बघा त्या म्हातारीचा चेहरा. आपल्या कोपऱ्यावरच्या पानवालीची आईच की!" मग सगळा श्रोतृवर्ग पानवालीच्या आईकडे बघायचा. ती तिथंच बसलेली असायची आणि पडद्यावरच्या आपल्या हालांनी तिला रडू आलेलं असायचं.

श्रोतृवर्ग म्हणजे बहुतेक विडी वळणाऱ्या बायका. सुपं मांडीवर घेऊनच येत. डोळे पडद्यावर, बोटं विडीवर. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिला सगळे अव्वा म्हणत. पिक्चर संपला की मालकांचा नियम होता, प्रत्येकानं काय वाटलं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय चिवडा नाही. मान्यवरांच्या चर्चा मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण अव्वाइतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही. ती म्हणायची, "लई वंगाळ झालं. द्या चिवडा."

आता त्या नळीवाल्या पिक्चरबद्दल सांगितलं पाहिजे.

तो काढला होता त्या महोत्सवाच्या पोरांपैकीच एकानं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या एका खाणीजवळ जाऊन राहिला होता बिचारा. खाण इंग्रजांनी काढलेली, पुढे आपल्याच माणसांनी चालवलेली, धूळ तीच. त्या धुळीनं छाती गेलेला एक म्हातारा, नाकात प्राणवायूची नळी, शेजारी त्याची बायको. कंपनी म्हणते, हा आजार आमच्या धुळीचा नाही. एवढीच गोष्ट. म्हातारा शेवटी मरतो. मरताना दाखवलेला नाही, पण खाली अक्षरं येतात, आणि त्याची बायको सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवते. तिथं संपतो.

पिक्चर दाखवायला दिग्दर्शक स्वतः आला. दाढी, झब्बा, पाठीवर पिशवी. मोर बघून त्याचा चेहरा उतरला, पण बोलला नाही. सुरुवातीला बराच वेळ म्हातारा नुसता खिडकीशी बसलेला होता. मालकांना हे सोसेना. त्यांनी माईक उचलला. "बसलाय. इचार करतोय. पोरीचा इचार करतोय. पोरगी लांब दिली, येणं होत न्हाय. आता त्याला च्या पायजे, पर मागणार न्हाय, मानी माणूस हाय."

दिग्दर्शक उठून आमच्याकडे आला. अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, इथं मुद्दाम काही आवाज ठेवला नाहीये. शांतता हीच या सिनेमाची भाषा आहे."

"तेच की," मालक म्हणाले. "ती भाषा आमच्या लोकांना येत न्हाय. म्हणून तर सांगतोय."

पुढे मालक मधूनमधून खोकत होते आणि माईक चालूच. पडद्यावरचा म्हातारा खोकायच्या आधी शेडमध्ये खोकला ऐकू यायचा. बायकांना वाटलं, आवाज पुढे धावतोय. शेवट आला. अक्षरं वाचली आणि मी कानात सांगितलं, "त्याच रात्री तो वारला."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग माईकवर म्हणाले, "बघा, बायकोनं अंथरूण आवरलं. माणूस बरा झाला की अंथरूण आवरत्यात. आता तो हवापालटाला गेला. लेकीकडं, अकलूजला. तितं कॅनॉल हाय, चारी बाजूला ऊस, हवा कशी गार. महिन्याभरात नळी काढून टाकील बघा."

बायकांनी समाधानानं सुपं झटकली. दिग्दर्शक ताडकन उभा राहिला. "तो मेला! काका, तो मेलाय! तोच सिनेमा आहे!"

"कोण म्हणतं?" अव्वा.

"मी म्हणतो! मी काढलाय हा पिक्चर!"

"काढला असंल," अव्वा म्हणाली. "पर पुढचं मालकांस्नी ठाव हाय. तुमी बसा. चिवडा घ्या."

रात्री जेवताना त्या पोरानं मालकांना समजावायची शिकस्त केली. लोकांना सत्य दाखवायला आपण हे करतो, तुम्ही शेवट पुसून टाकता, मग त्या कंपनीत आणि तुमच्यात फरक काय, असंही बोलून गेला. मला वाटलं, आता मालक याला ताटावरून उठवतात. मालक कडक भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "कंपनी म्हणती, आजारच न्हाय. मी म्हणतो, आजार हाय, पर माणूस वाचला. लई फरक हाय की." पोरानं आणखी एक भाकरी मागून घेतली. मला विचाराल तर चूक मालकांचीच होती. पण ते म्हणत होते तेव्हा मला पटलं होतं. त्यानंतर त्या पोराकडून नवे पिक्चर येत राहिले, प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत एक ओळ लिहिलेली: 'शेवट बदलू नये ही विनंती.'

मालकांनी पाकिटं जपून ठेवली आणि शेवट बदलत राहिले. हॉस्पिटलात, छावणीत, बोटीवर, जिथं म्हणून माणूस गेला तिथून तो अकलूजला पोचला. अकलूजची लोकसंख्या आमच्या शेडमुळे किती वाढली असेल सांगता येत नाही. गंमत म्हणजे मालकांना स्वतःला अकलूज सोसत नसे. लेकीकडे गेले की दुसऱ्या दिवशी परत. "तितं लई शांत हाय," म्हणत.

एकदा मात्र त्यांच्या सांगण्यानं चांगलाच घोळ झाला. बेटावरच्या एका नदीचा पिक्चर होता. कारखाना नदीत लाल पाणी सोडतो आणि बेटावरची माणसं आजारी पडतात. मालक त्या दिवशी रंगात आलेले. "बघा, आपलाच नाला! हा पूल न्हाय का, पिठाच्या गिरणीपुढचा? ही बघा आपल्या बोअरवर पाणी भरत्यात." कुठलं बेट आणि कुठली पिठाची गिरणी! पण बायकांना पटलं. सोमवारी सकाळी अव्वा पुढे आणि बायका मागे, अशी सगळी वरात पाण्याच्या ऑफिसात धडकली. प्रत्येकीच्या हातात बाटली आणि बाटलीत बोअरचं पाणी.

साहेबांनी विचारलं, पाणी खराब आहे हे कशावरून?

"पिक्चरात दाखवलंय," अव्वा म्हणाली.

"कुठल्या पिक्चरात?"

"आजारी पिक्चरात."

साहेबांनी मालकांना बोलावणं धाडलं. मी सोबत गेलो, कारण मालकांना एकटं सोडण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, हे बेट समुद्रात आहे. इथून हजारो मैलांवर. गाव तुमचं नाही, नदी तुमची नाही. मग तक्रार कसली?"

मालकांनी एक बाटली उचलून टेबलावर ठेवली. पाणी फिकट गुलाबी होतं. "साहेब, गाव दुसरं हाय, पाणी हेच हाय."

साहेबांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरून बघितली. माणूस बरा होता. त्यानं पाणी तपासायला पाठवलं. पाणी खरंच खराब निघालं. बोअरला कुलूप लागलं, टँकर यायला लागला आणि नाल्याकाठच्या डाइंगला, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याला, नोटीस गेली. तो कारखाना होता काकूंच्या सख्ख्या भावाचा. मालकांना हे पहिल्यापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं. काकूंनी काही वाद घातला नाही. त्यांनी मालकांच्या ताटात शेंगाचटणी वाढणं बंद केलं. भाकरी, भाजी, पाणी. सोलापुरात चटणीवाचून भाकरी खाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मालक निमूटपणे जेवत. पुढे भावानं रंगाचं पाणी मुरवायला हौद बांधला, एका रविवारी तोंड पाडून पिक्चरला येऊन मागे बसला, आणि त्या दिवशी ताटात चटणी आली. मालकांनी चटणीला आधी नमस्कार केला.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात खोकला वाढला. आधी माईकवर एक वाक्य सांगून थांबत, मग अर्धं. मी आणि काकूंनी ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, किती वर्षं मागावर होता विचारलं, आणि बोलणं कमी करा म्हणून बजावलं.

"बोललो न्हाय तर पिक्चर बघणार कोण?" मालकांनी त्यांनाच विचारलं.

मग डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं. तेच शब्द मी त्या खाणीतल्या म्हाताऱ्याबद्दल इंग्रजीतून मराठीत करून मालकांच्या कानात सांगितले होते. कापसाची धूळ काय, दगडाची काय. मी आत आलो तेव्हा मालक स्वेटरची बटणं लावत होते.

"काय म्हणाले?"

"हवापालट करा म्हणाले."

"कुटं?"

"अकलूजला."

मालकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हसले. "भाषांतर सुधारलं की तुमचं," म्हणाले.

घरी प्राणवायूचं यंत्र आलं, नाकात नळी आली. मालकांनी आरशात बघून घेतलं. "आता हिरो दिसतोय," म्हणाले. मुलगी अकलूजहून येऊन राहिली, चला म्हणून मागे लागली. ते ऐकेनात. आणि एका रविवारी हट्टच धरला की शेडमध्ये बसायचंय आणि नळीवाला पिक्चर बघायचाय. काकू म्हणाल्या, दुसरा कुठलाही लावा, हा नको. मालकांनी मान हलवली. हाच.

यंत्र शेडमध्ये आणलं. खुर्चीत मालक, यंत्राची घरघर चालू, चारी कोपऱ्यांत मोर. बोलायचं कुणी? माईक माझ्या हातात आला. मी इमानदारीत अक्षरं वाचून सांगायला लागलो. "म्हातारा म्हणतो, मला बरं वाटत नाही. कंपनीचा डॉक्टर म्हणतो, काळजीचं कारण नाही."

"बातम्या देताय काय ओ?" मागून कुणीतरी ओरडलं. मालक हसायला लागले आणि खोकले. अव्वा सूप बाजूला ठेवून उठली. तिनं माझ्या हातातला माईक घेतला आणि आपल्या जागी जाऊन बसली.

सगळं पाठ होतं तिला. मालकांच्या थांबण्यासकट. "बसलाय. पोरीचा इचार करतोय. च्या पायजे, पर मागणार न्हाय, मानी हाय." बाकीच्या बायकाही मधूनमधून पुढचं वाक्य आधीच सांगत. मालक खुर्चीत मान डोलवत होते, शाळेतल्या मास्तरांनी पाढे ऐकावेत तसे. मी अक्षरं वाचणं सोडून दिलं.

शेवट आला. पडद्यावरच्या बाईनं अंथरूण गुंडाळायला घेतलं. शेडमध्ये फक्त यंत्राचा आवाज. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. अव्वा बोलेना. मालक मान वळवून तिच्याकडे बघायला लागले.

"अंथरूण आवरलं," अव्वा म्हणाली. "आता बरं हाय त्याचं. अकलूजला हाय, लेकीकडं. गार हवा हाय तितं." मग माईक खाली घेऊन ती मालकांना म्हणाली, "असं काय बघताय? आमाला पयल्या दिवसापासनं ठाव हाय. आमच्या घरात काय माणसं मेली न्हाईत व्हय? अंथरूण कधी आवरत्यात ते काय आमाला कळत न्हाय? पर तुमी एवढं जीव तोडून सांगताय, म्हटलं कशाला मोडा."

मालक तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, आवाज न येणारं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी हात वर केला, खोकून घेतलं, आणि अव्वाला चिवडा द्या म्हणून खूण केली.

त्यानंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी. पेठेतल्या सगळ्या बायका आल्या, त्या दिवशी विडी वळली नाही. काकूंचा भाऊ खांदा द्यायला पुढे होता. मी इतका रडेन असं मला वाटलं नव्हतं. घरमालकासाठी कुठला भाडेकरू रडतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली काकूंना काही हवं-नको विचारायला गेलो तर मालकांचा फोन वाजायला लागला. काकूंनी मलाच उचलायला सांगितला. तो दाढीवाला दिग्दर्शक होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. आनंदात होता, नवा पिक्चर पुरा झाला होता, पहिला खेळ भवानी पेठेत करायचा म्हणत होता, मोर असले तरी चालतील म्हणत होता. "काकांना द्या ना."

मी काकूंकडे बघितलं. त्या मालकांचं अंथरूण आवरत होत्या. आधी स्वेटर घडी करून उशीवर ठेवला, मग गादी गुंडाळली. हात न थांबवता म्हणाल्या, "सांगा त्याला. अकलूजला गेलेत म्हणावं."

मी सांगितलं. "मालक अकलूजला गेलेत."

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो. मग तो पोरगा बोलला. एकेक शब्द सांभाळत.

"बरं झालं," तो म्हणाला. "तिथं हवा चांगली आहे."